परदेशातलं काम घ्यायचंय: एक्झिमची एलओसी, कुवेत फंड की सौदी फंड?

परदेशातल्या कामाचं टेंडर हाताशी आलं की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती पैसा कोणाचा याची. सौदी फंडाचा, म्हणजे विकसनशील देशांना कर्ज देणाऱ्या सौदी सरकारच्या संस्थेचा म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. तशाच कुवेत फंडाचा म्हटलं तरी तेच. आपल्या एक्झिम बँकेची एलओसी, म्हणजे लाइन ऑफ क्रेडिट (दुसऱ्या देशाला ठरावीक मर्यादेपर्यंत दिलेलं कर्ज) म्हटलं, की मात्र 'सरकारी काम दिसतंय, बघू' असा सूर लागतो. बहुतेक मराठी कंपन्यांसाठी हा क्रम उलटा असायला हवा, असं माझं मत आहे. तिन्ही पैशांच्या वाटा शेजारी-शेजारी मांडल्या की ते का, हे कळेल.

हे लिहितोय ते मध्यम आकाराच्या कंपन्यांसाठी. पुणे-कोल्हापूरकडचे पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे, नाशिककडचे ट्रान्सफॉर्मर-पॅनेलवाले, राज्यात रस्ते-पाणीपुरवठ्याची कामं करून आता बाहेर बघणारे ठेकेदार, आणि डिझाइन-सुपरव्हिजन करणाऱ्या सल्लागार फर्म. एल अँड टी किंवा अ‍ॅफकॉन्सला माझ्या सल्ल्याची गरज नाही.

तिघं आहेत कोण

वयाने कुवेत फंड सगळ्यांत मोठा. १९ जून १९६१ ला कुवेत स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला हा फंड उभा राहिला. विकसनशील देशाने इतर विकसनशील देशांना कर्ज देण्यासाठी काढलेली ही पहिली संस्था. पहिलं कर्ज गेलं सुदानच्या रेल्वेला. १९७४ पर्यंत दार फक्त अरब देशांना उघडं होतं, मग सगळ्या विकसनशील देशांना. त्यात आपणही होतो. कारवारमागच्या डोंगरात काली नदीवर जो जलविद्युत प्रकल्प झाला, त्याला १९७६ मध्ये कुवेत फंडाने कर्ज दिलं होतं.

सौदी फंड १९७४ चा. तेलाचे भाव चौपट झाले, रियाधच्या तिजोरीत पैसा मावेना, तेव्हाचा. १९७५ पासून कामाला लागला, सुरुवातीचं भांडवल १० अब्ज रियाल. ओडिशातल्या कोरापुट-रायगडा रेल्वेमार्गाला या फंडाचा पैसा लागला होता.

तिसरी आपली एक्झिम बँक. १९८२ पासून मुंबईत, मुख्यालय कफ परेडला. २००३-०४ पासून ती भारत सरकारच्या वतीने दुसऱ्या देशांना एलओसी देते. २००३ च्याच सुमारास भारताने छोट्या देणगीदार देशांना 'तुमची मदत आता पुरे' असं कळवलं होतं. म्हणजे घेणारा हात आखडला आणि देणारा पुढे आला, हे एकाच वेळी झालं. या योजनेला 'आयडियाज' म्हणतात, आणि आज जे नियम आपल्याला लागतात त्यांचा पाया डिसेंबर २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे.

व्याजदरावर मी फार वेळ घालवणार नाही. एक्झिमचा सर्वांत गरीब गटातल्या देशांसाठीचा दर त्या सूचनांनुसार दीड टक्का, मुदत २५ वर्षं, त्यात पहिली पाच वर्षं मुद्दल नाही. अरब फंडांच्या अटीही साधारण याच जातीच्या असतात. कुवेत फंड व्याजाखेरीज अर्धा टक्का प्रशासन-आकार लावतो. हे सगळं कर्ज घेणाऱ्या देशाच्या अर्थमंत्रालयाने बघायचं. ठेकेदाराने त्यावर मीटिंगमध्ये चर्चा करत बसणं म्हणजे वेळ दवडणं.

बोली कोण लावू शकतो

खरा निकाल इथे लागतो. एलओसीच्या कामाला बोली लावायला कंपनी भारतीयच हवी. कराराच्या किमतीतला किमान ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून जायला हव्यात. कामाचं स्वरूप पाहून यात सवलत मिळते, बांधकामाचा वाटा मोठा असेल तर आकडा बराच खाली येतो. म्हणजे चिनी, तुर्की, कोरियन कोणीच नाही. तुमची स्पर्धा कोणाशी, तर ज्यांच्याशी इथे एमजेपीच्या (महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या) टेंडरला होते त्यांच्याशीच.

पंपवाल्यांना हे सर्वांत जास्त मानवतं. सेनेगलला सिंचनासाठी २.७ कोटी डॉलरची एलओसी मिळाली तेव्हा पंप गेले ते किर्लोस्कर ब्रदर्सचे. भाताच्या शेतीला पाणी हवं होतं, मालाचा मोठा वाटा भारतातला होता, ७५ टक्क्यांची अट आपसूक भागली. रस्त्याच्या ठेकेदाराचं तसं नाही. खडी, वाळू, सिमेंट, डिझेल, मजूर हे सगळं तिथलंच. त्याने सवलतीचं आधीच लेखी पक्कं केलं नाही, तर बीओक्यूत, म्हणजे कामाच्या परिमाण-यादीत, भारतीय वाटा दाखवताना नाकी नऊ येतात.

पण एलओसीला एक उंबरठा आहे, आणि मध्यम कंपन्या तिथेच अडखळतात. आधी डीपीआर, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवाल, मग एक्झिमतर्फे पीक्यू, म्हणजे कंपन्यांची पूर्वपात्रता तपासणी. पीक्यूत उलाढाल आणि त्याच प्रकारच्या, त्याच आकाराच्या पूर्ण केलेल्या कामाचे दाखले मागतात. त्यातून निवडलेल्यांनाच मग तो देश टेंडर देतो. परदेशातलं एकही काम खात्यावर नसेल तर पीक्यूतच गाडी थांबते. अशा वेळी मोठ्या कंपनीखाली सब-कॉन्ट्रॅक्ट किंवा जेव्ही (संयुक्त भागीदारी) हा कमीपणा मानू नका. पुढच्या पीक्यूला लागणारा दाखला तिथूनच मिळतो.

कुवेत फंडाचा पैसा तत्त्वतः मोकळा, म्हणजे कोणत्याही देशाचा ठेकेदार बोली लावू शकतो. टेंडर काढते ती कर्ज घेणाऱ्या देशाची यंत्रणा. फंड मान्यता देतो. ऐकायला छान आहे. पण मोकळ्या स्पर्धेत चिनी कंपन्या येतात, तुर्की येतात, मोरोक्को-ट्युनिशियाच्या येतात, आणि ज्यांची यंत्रसामग्री आधीच त्या देशात उभी आहे त्यांचा मोबिलायझेशनचा, म्हणजे यंत्रं-माणसं तिथे नेण्याचा, खर्च जवळपास शून्य असतो. तुमचा एक्सकॅव्हेटर न्हावा शेवाहून सेनेगलच्या डकारला जाईपर्यंत ते भरावाला लागलेले असतात. बांधकामात ही लढाई जिंकणं कठीण. सल्लागार फर्मला मात्र इथे जागा आहे, कारण डिझाइनर जहाजातून न्यावा लागत नाही आणि आपले दर युरोपियन फर्मच्या मानाने कमी असतात. पश्चिम आफ्रिकेत निम्मा कागद फ्रेंचमध्ये असतो, तेवढी तयारी हवी.

सौदी फंडाच्या टेंडरांत पात्रतेचं कलम डोळ्यांत तेल घालून वाचावं लागतं. काही ठिकाणी सौदी कंपन्या, त्या देशातल्या कंपन्या किंवा दोघांची जेव्ही एवढ्यांनाच दार असतं किंवा प्राधान्य असतं. रियाध-दमामला आधीपासून शाखा असलेल्या, सौदी भागीदार असलेल्या मराठी कंपन्यांसाठी हीच अडचण संधी ठरते. बाकीच्यांनी टेंडर फी भरण्यापूर्वी ते एक कलम वाचावं.

अरब फंडांच्या कागदपत्रांत अरब लीगच्या बहिष्काराचं कलमही येतं, म्हणजे इस्रायली मूळ असलेला माल आणि बहिष्कार यादीतल्या कंपन्या चालत नाहीत. आपल्याकडे ठिबक सिंचनात इस्रायली तंत्राचा किती वावर आहे हे जळगाव-नाशिकच्या माणसाला सांगायला नको. ड्रिपर, फिल्टर, कंट्रोलर यांचं मूळ कुठलं, हे टेंडर भरायच्या आधी तपासा. माल बंदरात पोचल्यावर हा शोध लागला तर कोणी तुमचं ऐकून घेत नाही.

बिल पास होतं कुठे

इथे मी जास्त रेंगाळणार आहे, कारण कंपन्या बुडतात त्या इथे.

एलओसीत माल जहाजावर चढला किंवा कामाचा टप्पा तिकडच्या खात्याने मंजूर केला, की कागदपत्रं भारतातल्या तुमच्या बँकेमार्फत एक्झिमकडे जातात आणि पात्र रक्कम एक्झिम तुम्हाला इथेच देते. पुढे त्या देशाने एक्झिमचं कर्ज फेडलं की नाही, याचा तुमच्याशी संबंध नाही. ती जोखीम तुमच्या डोक्यावर येत नाही. मंजुरीची सही तिकडच्या कार्यकारी अभियंत्याची लागते, आणि ती सही लांबते, हे खरं. पण सही झाली की पैसा मुंबईतून निघतो.

अरब फंडांचं गणित वेगळं. कुवेत आणि सौदी दोन्ही फंड सहसा प्रकल्पाचा पूर्ण खर्च उचलत नाहीत. मूळ नियम असा की निम्म्यापर्यंत फंड, उरलेलं त्या देशाने किंवा दुसऱ्या फंडांनी घालायचं. तीन-चार अरब फंड एकाच धरणावर किंवा विमानतळावर एकत्र दिसतात ते याचमुळे. परिणामी तुमच्या एका आरए बिलाचे (चालू कामाच्या टप्प्याच्या बिलाचे) तुकडे होतात. समजा बिल १० लाख डॉलरचं, निम्मा वाटा फंडाचा. ते ५ लाख विथड्रॉवल अर्जावर थेट कुवेतहून किंवा रियाधहून येतात, आणि कागद बरोबर असतील तर येतात म्हणजे येतातच. उरलेले ५ लाख त्या देशाच्या तिजोरीतून यायचे असतात. त्या वर्षी निवडणूक असेल, पीक बुडालं असेल, डॉलरचा तुटवडा असेल, तर ते पाच लाख सहा महिने अडकतात. इथलं कॅश क्रेडिट दहा टक्क्यांनी धरलं तरी सहा महिन्यांचं व्याज २५ हजार डॉलर, म्हणजे अख्ख्या बिलाच्या अडीच टक्के. बोली लावताना नफाच किती धरला होता ते आठवा.

करांचंही असंच. कर आणि आयात शुल्क फंडाच्या कर्जातून सहसा भरता येत नाहीत, ते त्या सरकारने माफ करायचे असतात. माफी करारात लिहिलेली असते, पण बंदरावरच्या कस्टम अधिकाऱ्यापर्यंत पत्र पोचलेलं नसतं. सेनेगलमध्ये व्हॅट १८ टक्के आहे. आधी भरा, मग परत मागा, या चक्रात अडकलेली रक्कम परत येता येता काम संपतं. एका देशात आमच्या मालाचे कंटेनर अशाच एका पत्रासाठी धक्क्यावर पडून होते आणि डेमरेज (बंदरातला विलंब-आकार) रोज चढत होतं. पत्र निघालं होतं, फक्त चुकीच्या खात्याकडे गेलं होतं.

चलनाचंही बघा. सौदी फंडाचं कर्ज रियालमध्ये, आणि रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ वर बांधलेला, त्यामुळे डोकेदुखी कमी. कुवेती दिनार २००७ पासून अनेक चलनांच्या टोपलीला बांधलेला आहे. करार कोणत्या चलनात आणि फंडाचं पेमेंट कोणत्या, हे दोन वेगळे असतील तर फरक कोणी सोसायचा ते लिहून घ्या. आणि एक फालतू वाटणारी गोष्ट: रियाध आणि कुवेतला सुट्टी शुक्रवार-शनिवारी, डकारला शनिवार-रविवारी. तिघांचा एकत्र फोन लागतो तो सोमवार ते गुरुवार. रमजान आला की तोही नाही.

मालेला एकदा जाऊन बघा

पुस्तकी तुलना नको असेल तर मालदीवला जा. काही किलोमीटरच्या टापूत हे सगळे पैसे काँक्रीटच्या रूपात उभे आहेत.

हुलहुले बेटावरच्या वेलाना विमानतळाचं नवं टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं. त्याला सौदी फंड, कुवेत फंड, अबू धाबी फंड आणि ओपेक फंड अशा चौघांची कर्जं. बांधलं सौदी बिनलादिन ग्रुपने. शेजारची नवी धावपट्टी चीनच्या एक्झिम बँकेच्या कर्जातली, बांधली बीजिंगच्या कंपनीने. विमानतळाहून मालेला नेणारा २०१८ चा पूल चिनी अनुदान आणि कर्जातला, बांधणारेही चिनी. मालेच्या पलीकडे विलिमाले, गुलहिफाल्हू, थिलाफुशीला जोडणारा ६.७४ किलोमीटरचा प्रकल्प भारताच्या ४० कोटी डॉलरच्या एलओसीतला आणि १० कोटी डॉलरच्या अनुदानातला; काम मुंबईच्या अ‍ॅफकॉन्सकडे, करार ऑगस्ट २०२१ चा. उत्तरेकडचा हनिमाधू विमानतळ एलओसीतच, काम मिळालं जेएमसी प्रोजेक्ट्सला, जी पुढे कल्पतरूमध्ये विलीन झाली.

टर्मिनलच्या पैशात चार फंड होते, तरी काम गेलं सौदी कंपनीकडे. हाच विमानतळ २०१० मध्ये भारताच्या जीएमआरने चालवायला घेतला होता, सरकार बदललं, २०१२ मध्ये करार मोडला, आणि भरपाईचा निकाल लागायला २०१६ उजाडलं. २०२३ मध्ये मालदीवमध्ये पुन्हा सरकार बदललं, तेही 'इंडिया आउट'च्या घोषणांवर. अ‍ॅफकॉन्सचा पूल तरी थांबला नाही. दोन सरकारांमधल्या कर्ज-करारावर उभं काम आणि कंपनीने स्वतःच्या जोखमीवर घेतलेलं काम यांत हा फरक पडतो. जुलै २०२५ मध्ये तर भारताने मालदीवला ४,८५० कोटी रुपयांची नवी एलओसी जाहीर केली, आणि ती रुपयांत. रुपयातली एलओसी रुळली तर बोली लावताना डॉलरच्या चढउताराची वेगळी तरतूद करायला नको.

काम मध्येच थांबलं तर

तिघांपैकी कोणाचाही पैसा मध्येच थांबू शकतो. एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जफेड थांबवली तेव्हा जपानच्या जायका या विकास-कर्ज संस्थेची कामंही ठप्प झाली आणि पुन्हा सुरू व्हायला जुलै २०२४ उजाडला. देश दिवाळखोरीत गेला की देणारा कितीही श्रीमंत असो, नळ बंद होतो. त्यामुळे फंडाआधी देश बघा.

एलओसीचा स्वतःचा दोष वेगळा: ती सुरूच उशिरा होते. घोषणा, करार, डीपीआर, पीक्यू, टेंडर यांत वर्षं जातात आणि तोवर तुमचा लोखंडाचा भाव जुना झालेला असतो. इथिओपियाच्या साखर कारखान्यांना ६४ कोटी डॉलरची एलओसी होती, त्यातला तेंदाहोचा कारखाना किती रखडला हे साखर-यंत्रसामग्रीच्या धंद्यातल्यांना तोंडपाठ आहे. पैसा होता, ऊस आणि पाणी वेळेवर नव्हतं.

सौदी फंडाच्या मागे रियाधचं परराष्ट्र धोरण जास्त उघडपणे दिसतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानच्या स्टेट बँकेत सौदीने ३ अब्ज डॉलरची ठेव ठेवण्याचा करार केला तो याच फंडामार्फत. मोहमंद धरणालाही फंडाचं कर्ज आहे. भारतीय कंपनीसाठी तो सगळा बाजार बंदच, म्हणजे फंडाच्या एकूण आकड्यांवरून आपल्यासाठी काम किती, याचा अंदाज बांधू नका. कुवेत फंड त्या मानाने शांत, प्रकल्पाची कागदोपत्री छाननी कडक, आणि म्हणून माझा त्याच्यावर अंमळ जास्त विश्वास.

मग निवड

माल बनवणाऱ्यांनी एलओसीकडेच जावं, दुसरा विचारही करू नये. पीक्यूला पुरे पडत नसाल तर कल्पतरू, केईसी, अ‍ॅफकॉन्ससारख्यांच्या व्हेंडर यादीत शिरा आणि तिथून सुरुवात करा.

बांधकाम ठेकेदाराने पहिलं परदेशी काम एलओसीखाली सब-कॉन्ट्रॅक्टवर घ्यावं. सौदी भागीदार खरोखर हाताशी असेल तरच सौदी फंड. भागीदार म्हणजे ज्याचं नाव, यंत्रं आणि बँक गॅरंटीची मर्यादा तिन्ही वापरता येतील असा. नुसतं व्हिजिटिंग कार्ड देणारा एजंट नव्हे.

सल्लागार फर्मला मी कुवेत फंड सुचवेन. कर्ज-करारावर सही झाली की फंड ते जाहीर करतो, आणि बांधकामाचं टेंडर निघण्याआधी सल्लागार नेमला जातो. ठेकेदार टेंडरची वाट बघत असतात तेव्हा सल्लागाराचं काम सुरू झालेलं असतं. त्यामुळे जाहिरातीची वाट न बघता सहीच्या बातमीवरच त्या देशाच्या खात्याला पत्र टाका.

अरब फंडाचं काम घ्यायचंच ठरलं तर प्री-बिड मीटिंगमध्ये तीन गोष्टी लेखी विचारा आणि उत्तर मिनिट्समध्ये येईल असं बघा. बिलातला किती टक्के वाटा फंडाकडून थेट कंपनीच्या खात्यात येणार? उरलेल्या वाट्यासाठी यंदाच्या अर्थसंकल्पात तरतूद झाली आहे का, कोणत्या शीर्षाखाली? करमाफीचं पत्र कोणाच्या सहीचं आणि ते कस्टमला गेलं का? दुसऱ्या प्रश्नाला 'होईल' असं उत्तर आलं तर स्थानिक वाट्यावर ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचं कव्हर घ्या आणि त्याचा हप्ता दरात धरा. बँक गॅरंटीचा खर्चही दुप्पट धरा, कारण तिथली बँक गॅरंटी देते ती आपल्या बँकेच्या काउंटर-गॅरंटीवर, आणि कमिशन दोघीही घेतात. एवढं धरूनही तुमचा दर चिनी बोलीच्या जवळपास राहत असेल, तर टेंडर भरा.